कायले?

आमच्या वाशिमच्या गल्लीतले गुरुजी निवृत्त झाले, त्यांचा लाल पेन झाला नाही. लग्नपत्रिका हातात पडली की आधी 'आशिर्वाद'चा 'आशीर्वाद' होतो, मग मुहूर्त पाहतात. भाजीवालीच्या पाटीवरची 'मिरचि' खडूने दीर्घ केल्याशिवाय ते पिशवी पुढे करत नाहीत. ती बिचारी आता खडू स्वतःच ठेवते.

पाहुणा टेकला की सुरू. "हे वाकाटकांचं वत्सगुल्म बरं का! राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्येचं लग्न इथेच लावलंय. अशा गावात भाषा कशी पाहिजे?"

ओसरीवरच्या पिंजऱ्यातून उत्तर येतं, "कायले आला बे?"

हा मिठू. वादळात कडुनिंबाच्या ढोलीतून पडलेलं पिल्लू. काकूंनी भिजवलेली हरभऱ्याची डाळ भरवून जगवलं आणि त्याला कंठ फुटला तो हा असा. गुरुजींनी खुर्ची ओढून वर्गच भरवला. "'कायले' नाही, 'कशाला' म्हण. क-शा-ला."

मिठूने मान तिरपी करून विचारलं, "कायले?"

काकू पदर तोंडाला लावून आत पळाल्या.

मग शिक्षा. पिंजऱ्यावर धोतर टाकलं, तर आतून तोच प्रश्न. हिरवी मिरची दिली, तर त्याने चवीने खाल्ली. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा लागतच नाही, हे मी सांगितल्यावर गुरुजींनी माझ्याकडेच संशयाने पाहिलं. मी म्हटलं, "गुरुजी, तुम्ही धावून येता, हेच त्याचं बक्षीस. वाईट बोलला की तोंड फिरवा, गोड बोलला की पेरूची फोड द्या." उपाय सोपा होता. पण चूक ऐकून तोंड फिरवायचं? गुरुजींनी? दोन मिनिटं त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत कसाबसा दम धरला, आणि मग कडाडले, "चूप बस बे! तुले किती खेपा सांगू?"

ओसरीवर शांतता. मिठू हे कुठून शिकला, ते सगळ्यांना एकदमच कळलं. काकूंना आधीपासून माहीत असावं.

एकदा गप्पांत मी राजुऱ्याची गोष्ट काढली. 2015 साली तिथल्या एका आजींनी पोपट शिव्या देतो म्हणून तक्रार केली. पोलिसांनी हरियल नावाच्या त्या पोपटाला ठाण्यात आणवलं, तिथे पठ्ठ्या चकार शब्द बोलला नाही. शेवटी तो वनखात्याकडे गेला.

"वनखात्याकडे? ते का?"

"1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा. आपला हिरवा पोपट घरात ठेवणं गुन्हा आहे, गुरुजी."

उभ्या जन्मात दुसऱ्याने दाखवलेली ही त्यांची पहिली चूक असावी. रात्री अर्ज लिहिला, तीनदा खोडून. सकाळी पिंजरा घेऊन स्वतः वनखात्याच्या कचेरीत गेले. मिठू तिथे हरियलसारखाच मुका. परतताना गुरुजी पाटी वाचायला थांबले नाहीत.

चार दिवसांनी मी सहज डोकावलो. कडी वाजवली. ओसरी रिकामी, काकू देवळात. आतल्या खोलीतून, अगदी मिठूच्या सुरात, आवाज आला, "कायले आला बे?"

लगेच खाकरून दुरुस्ती आली, "म्हणजे... या, बसा."