हिरव्या पाटीचा जावई

पुण्याहून वारणानगरला यायचं तर महामार्गावर चार टोलनाके लागतात. खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे आणि किणी. किणी मागे पडलं की वाठारचा फाटा येतो, तिथून नवे पारगाववरून आत शिरलं की उसाच्या ट्रॉल्या आणि कारखाना. सगळं मिळून सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. डिझेल गाडीवाला हे अंतर तासांत सांगतो. या प्रवासातले जावईबापू ते टक्क्यांत सांगत होते. वाकडला शंभर, कात्रजच्या बोगद्याला चौऱ्याण्णव, खंबाटकी चढून गेल्यावर अडुसष्ट.

"तुम्ही रस्त्याकडे बघा, आकड्याकडे मी बघते," असं बायकोने शिरवळच्या आधीच सांगून टाकलं होतं.

गाडी विजेची, नवी, पंचेचाळीस युनिटांच्या बॅटरीची. पाटी हिरवी, अक्षरं पांढरी. कंपनीच्या कागदावर ती एका दमात मुंबई गाठून परत येईल असं वाटावं, इतके किलोमीटर छापलेले होते. रस्त्यावर ते तीनशेच्या आगेमागे भरतात. कारण वेग. पेट्रोलची गाडी शहरातल्या गर्दीत जास्त पिते आणि हमरस्त्यावर कमी. विजेच्या गाडीचं नेमकं उलटं. ताशी शंभरच्या पुढे वाऱ्याशी झटताना बॅटरी भराभर उतरते, आणि रांगेत रखडत जाताना ती वाचते, कारण ब्रेक लावला की मोटरच जनित्र होते आणि थोडी वीज परत साठवते. त्यामुळे साताऱ्यापुढे सहापदरीकरणाच्या कामाने गाड्या सेवा रस्त्यावर वळवलेल्या, पुढे डंपर, मागे कंटेनर, सगळा महामार्ग ठेकेदाराच्या नावाने बोटं मोडतोय, आणि त्या गर्दीत एकटे जावईबापू खुशीत. खड्ड्यागणिक त्यांची रेंज वाढत होती.

टोलचं दुःख मात्र होतं. राज्याच्या २०२५ च्या धोरणाने विजेच्या मोटारींना टोलमाफी दिली ती अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर. सासुरवाडी या तिन्हींपैकी एकाही रस्त्यावर नाही. लग्न ठरवताना ही बाब कोणी पाहिली नव्हती.

वारणानगरपर्यंत वीज सहज पुरत होती, तरी कऱ्हाडजवळ थांबले. याला भीतीचं चार्जिंग म्हणावं. हॉटेलच्या मागे दोन बंदुकांचं यंत्र होतं (चार्जरच्या नळीला सगळे 'गन'च म्हणतात). एक बंद, दुसरी एका टॅक्सीच्या पोटात. टॅक्सीवाला मागच्या सीटवर झोपलेला. तो उठला तेव्हा कळलं की या यंत्राचं ॲप वेगळं, त्याचं पाकीट वेगळं आणि त्यात किमान ठराविक रक्कम आधी भरावी लागते. ओटीपी यायला नेटवर्क नाही. जावईबापू हात उंच करून हॉटेलला प्रदक्षिणा घालत राहिले, तोवर आत मिसळ, भजी, दोनदा चहा आणि मुलांचं आइस्क्रीम झालं. डिझेलचे वाचलेले पैसे बिलाच्या टेबलावर जमा झाले. महामार्गावरच्या हॉटेलवाल्यांना चार्जर लावायची एवढी हौस का असते, याचं उत्तर त्या बिलात होतं.

त्यांना धीर यावा असा एक जुना दाखला आहे. १८८८ साली बर्टा बेंझ बाईंनी नवऱ्याला न सांगता त्याची मोटार काढली आणि दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फॉर्झहाइमला माहेरी गेल्या. अंतर शंभर किलोमीटरच्या थोडं वर. वाटेत इंधन संपत आलं. पेट्रोलपंप जगात कुठेच नव्हता. विस्लोख गावात त्यांनी औषधाच्या दुकानातून डाग काढायचं द्रावण विकत घेतलं आणि ते टाकीत ओतलं. पेट्रोलच्या मोटारीचा पहिला लांबचा प्रवासही असाच, पुढे काय मिळेल या धास्तीत झालेला.

सासरे म्हणजे आबा. वारणा साखर कारखान्याच्या शेती खात्यातून निवृत्त झालेले चिटबॉय. उसाच्या नोंदी, तोडीच्या चिठ्ठ्या, कोणाच्या फडात किती टन निघेल याचा बांधावर उभं राहून अंदाज, यात त्यांचं आयुष्य गेलं. अंगणात त्यांची डिझेल जीप. तिच्या टपावरून एकेकाळी वऱ्हाडं गेली, मागच्या फाळक्यातून गाभण म्हैस गेली. चालू झाली की शेजारच्या गल्लीतलं कुत्रंसुद्धा उठून बसतं.

त्या अंगणात हिरव्या पाटीची गाडी येऊन उभी राहिली आणि कोणाला पत्ताच लागला नाही. सासूबाई चुलीपाशी होत्या.

"आवो, ह्ये कवा आलं? हॉर्न तरी द्यायचा!"

आबांनी गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटला कान लावला.

"चालू हाय का बंद?"

"चालू आहे मामा."

"मग बोलंना का?"

रात्री जेवणं झाली आणि गाडीला वीज पाजायचा प्रश्न निघाला. सोबतच्या चार्जरला मोठ्या पिनचा पावर प्लग लागतो. घरात असे प्लग दोन. एक बाथरूमच्या गीझरचा, दुसरा सासूबाईंच्या घरघंटीचा. घरघंटीत उद्याच्या पोळ्यांचे गहू. त्यामुळे आधी दळण, मग दळणवळण, असा क्रम सासूबाईंनी लावून दिला. दळण आटोपून पिन खोचली तर चार्जरवर लाल दिवा. काढली, पुन्हा घातली, पुन्हा लाल. शेवटी वायरमन आला. त्याने टेस्टर लावला, मान हलवली.

"अर्थिंगच न्हाई घराला. वायर हाय, पण ती भितीतच संपतीया."

घरघंटीने आणि गीझरने इतकी वर्षं याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. विजेची गाडी मात्र जमिनीशी नातं नसलेल्या प्लगमधून वीज घेत नाही, आणि ते बरोबरच आहे. सकाळी परसात खड्डा खणला गेला. त्यात जस्ताचा मुलामा दिलेला पाइप उभा केला. भोवती एक थर कोळशाचा, एक थर जाड्या मिठाचा, असं करत खड्डा भरला आणि वरून चार बादल्या पाणी ओतलं. मिठाने आणि कोळशाने माती ओली राहते आणि विजेला जमिनीत उतरायला वाट मिळते. आबा लक्ष देऊन बघत होते. आयुष्यभर लागणीचेच खड्डे पाहिलेला माणूस, त्यांनी विचारलं, "शेणखत घालायचं का वाईच?"

वायरमनने जाताजाता वीजबिल मागून घेतलं आणि मंजूर भाराच्या रकान्यावर बोट ठेवलं. एक किलोवॅट. चार्जर एकटाच ओढतो तीनच्या वर. "भार वाढवून घ्या," तो म्हणाला, "न्हाईतर गाडी लावली की टीव्ही बंद करायचा." शिवाय महावितरणचे घरगुती दर पायरीपायरीने चढतात. युनिटं वाढली की वरच्या पायरीचा दर लागतो, हे गाडी विकणारा सहसा सांगत नाही.

दिवे हिरवे झाले आणि बातमी गल्लीत पसरली. संध्याकाळी कट्ट्यावर गाडीची साग्रसंगीत तपासणी झाली. यंत्राला घाबरणारी ही माणसं नव्हेत. माळावर तात्यासाहेब कोरेंनी सहकारी साखर कारखाना उभा केलेला यांच्या बापांनी पाहिला. १९९८ साली भोवतालच्या सत्तर गावांत संगणक आणि तारा आणणारा 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प इथे झाला. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी त्यातल्या काही गावांत संगणकाऐवजी साधा मोबाइल ठेवला, आणि उसाचं वजन एसएमएसवर कळू लागलं. त्या प्रयोगाला नाव पडलं 'वारणा अनवायर्ड'. तार आली, तार गेली, हे सगळं पाहून झालेलं आहे. त्यामुळे प्रश्न नेमके आले.

"बॅटरी किती वर्सं?"

"कंपनी आठ वर्षांची हमी देते."

"आन नवव्या वर्सी?"

जावईबापूंनी विषय नॉर्वेवर नेला. तिथे २०२४ साली विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी जवळपास ८९ टक्के विजेच्या होत्या.

"नार्वेत ऊस हाय का?"

"नाही."

"मग त्यास्नी काय अडचण!"

हसण्यावारी गेलं, पण प्रश्नात तथ्य होतं. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं आणि त्यातलं काही उसाचं. वारणेच्या सभासदाने पेट्रोल सोडायचं म्हणजे स्वतःच्या उसाचं गिऱ्हाईक सोडायचं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा उष्णता एकतृतीयांशाने कमी, त्यामुळे गाडीचं ॲव्हरेज थोडं घसरतं. म्हणजे पुणेकर तक्रार करतो आणि वारणाकर बिलाची वाट बघतो. आबांनी हा मुद्दा ठासून मांडला आणि कट्टा त्यांच्या बाजूला झुकला.

तेवढ्यात कारखान्यातल्या एका तरुण फिटरने खोडा घातला. रस काढून उरलेलं चिपाड, म्हणजे बगॅस, इथल्या ४४ मेगावॅटच्या सहवीज प्रकल्पात जळतं. वाफ होते, टर्बाइन फिरतं, वीज ग्रीडला जाते. "मग आबा, तुमच्या उसाचा रस त्यांच्या टाकीत, आन चिपाड ह्यांच्या बॅटरीत. गाडी कुठलीबी घ्या, ऊस तुमचाच."

आबा गप्प झाले. हंगामात हे खरं आहे, आणि वर्षभरासाठी अर्धवट खरं. राज्याची बरीचशी वीज आजही कोळशाची. तरी हंगामात, चिमणीतून धूर निघत असताना वारणानगरात लावलेली पिन ही पुण्यातल्या पिनेपेक्षा जरा जास्त गोड म्हणायला हरकत नाही. एका म्हाताऱ्याने यावर दुसऱ्या महायुद्धातली गोष्ट काढली. पेट्रोलचं रेशनिंग झालं तेव्हा सर्व्हिस मोटारींच्या मागे कोळशाची भट्टी बसवलेली असायची, आणि क्लीनर हाताने पंखा फिरवून ती फुलवायचा. चढ आला की उतारू खाली उतरून ढकलायचे. "तवाबी गाडी कोळशावरच पळत हुती, फकस्त कोळसा संगं न्यायला लागायचा."

रविवारी जोतिबा. जीप की हिरवी पाटी, असा वाद सासूबाईंनी मिटवला. त्यांना धूर लागतो. गाडी गिरोलीच्या बाजूने डोंगर चढली. बारीक वळणं, पुढे उसाची रिकामी डबल ट्रॉली, ट्रॅक्टरवर कर्णकर्कश गाणी. विजेच्या मोटरला गिअर नाहीत आणि पूर्ण जोर पहिल्या क्षणापासून मिळतो, त्यामुळे आबा मागे टेकून बसायच्या आत ट्रॅक्टर मागे पडला. आबांचे दोन्ही पाय मात्र सवयीने क्लच शोधत होते. वर पोचेपर्यंत आठ टक्के गेले. चांगभलं झालं, खोबरं-गुलाल उधळला गेला, पांढरी गाडी गुलाबी झाली आणि जावईबापू रुमालाने चार्जिंगचं झाकण पुसत बसले.

उतरताना आबा पुढच्या सीटवर. त्यांची नजर आकड्यावर. सत्तर. वळण. पुन्हा वळण. एकाहत्तर. आणखी खाली आल्यावर बहात्तर.

"जावईबापू, ह्यो वाढतोय."

"उतारावर वीज परत येते मामा."

आबांनी बराच वेळ काही म्हटलं नाही. चाळीस वर्षं ते हाच घाट न्यूट्रलमध्ये उतरत आले होते, डिझेल वाचावं म्हणून, सासूबाईंच्या शिव्या खात. टाकीत डिझेल वाढलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. (बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर ही परतफेड तिला घेता येत नाही. पन्हाळ्यावर रात्रभर चार्ज करून सकाळी उतरणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.)

त्या रात्री आबांनी चिटबॉयच्या अक्षरात हिशेब मांडला. जीप लिटरला पंधरा धरली तर किलोमीटरला सहा रुपये. जावयाची गाडी युनिटला सात किलोमीटर जाते, म्हणजे घरच्या विजेवर दोन रुपयांच्या आत, महामार्गावरच्या यंत्रावर तीन-साडेतीन. छतावर सोलर बसवलं तर आणखी कमी. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. कोल्हापूरला रोज जाऊन येणाऱ्याचे, म्हणजे साठ-सत्तर किलोमीटरवाल्याचे, महिन्याला काही हजार सुटतात. आबांचं फिरणं मात्र महिन्यातून चारदा फडावर आणि एकदा बँकेत. त्यांना वाचवायला डिझेलच जळत नव्हतं. गाडीच्या किमतीतला फरक त्यांच्या हयातीत वसूल होत नाही, हे त्यांनी दोनदा बेरीज करून पाहिलं.

तेव्हा निकाल असा. जीप अंगणातच राहणार. रोज कोल्हापूरला नोकरीला जाणारा धाकटा मुलगा पुढची गाडी विजेची घेणार. पंढरपूरला, कोकणात, लग्नाच्या वऱ्हाडाला जीप. आणि वारणेच्या खोऱ्यात ज्यांच्या डोक्यात विजेच्या गाडीचं घाटत असेल, त्यांनी शोरूमला जायच्या आधी दोन कामं करावीत. वीजबिलावरचा मंजूर भार वाचावा आणि वायरमनला बोलावून घराचं अर्थिंग तपासून घ्यावं. खड्डा, पाइप, कोळसा, मीठ आणि मजुरी मिळून फार खर्च येत नाही, आणि गाडी नाहीच घेतली तरी घरघंटी चालवणारीचा हात सुरक्षित राहतो.