कृती लिहा, गुण मिळवा

कोठारी आयोगाने १९६६ साली कार्यानुभव सुचवला आणि आपण तो फारच मनावर घेतला. वेळापत्रकात त्याची तासिका आजही छापलेली असते. गणिताचा पोर्शन मागे पडला की ती बरी हाताशी येते! त्याआधी १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम मांडली होती, टकळी फिरवता फिरवता शिकायची. टकळी गेली, आता फिरते ती वही. धावदोरा, टीप, काज, हूक, सगळं एकेका चौकोनी तुकड्यावर शिवून वहीत चिकटवलेलं. टाके आईचे, नाव मुलाचं, सही बाईंची. (आई नोकरी करत असेल तर टाके आजीचे.) गृहविज्ञानाच्या पेपरात वरणाची कृती लिहून मुलगी पैकीच्या पैकी गुण आणते, आणि घरी तिचा भाऊ कुकरच्या शिट्ट्या मोजायला तिलाच हाक मारतो. त्याला तो विषय नव्हता म्हणे!

२०२०च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतारकाम, बागकाम, कुंभारकाम शिकायचं आहे. पालकहो, तेवढे दहा दिवस तरी क्लास बुडू द्या. आणि पटाशी मुलाच्याच हातात राहू द्या.