दगावतो तो डॉक्टर

अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरात टीव्हीवाल्यांचं एक इस्पितळ आहे. तिथे पेशंट म्हणून भरती व्हायला माझी ना नाही. नोकरी मात्र दुश्मनालाही लागू नये.

'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' ही मालिका 2005 साली सुरू झाली, ती वीस वर्षं उलटली तरी चालूच आहे. तिची नायिका डॉ. मेरेडिथ ग्रे. या बाईने पेशंटच्या छातीत अडकलेला जिवंत बॉम्ब हाताने धरून ठेवला, पाण्यात बुडून मरता मरता वाचली, विमान कोसळलं त्यातूनही उठली, पुढे कोविडही झाला. तिचा सहकारी जॉर्ज एका बाईला वाचवताना बसखाली गेला. काही वर्षांनी तिचा नवरा डेरेक अपघातातल्या लोकांना वाचवून गाडीत बसला आणि ट्रकने उडवला. बस आणि ट्रक एवढाच काय तो फरक. विमान पडल्यावर वाचलेल्या डॉक्टरांनी भरपाईचे पैसे घालून इस्पितळच विकत घेतलं आणि गेलेल्या दोघांची नावं त्याला दिली. आपल्याकडे फार तर चौकाला देतात.

एवढं सगळं एका इस्पितळात मावेना, म्हणून 2007 मध्ये शाखा निघाली: 'प्रायव्हेट प्रॅक्टिस'. डेरेकची पहिली बायको अ‍ॅडिसन हवापालटासाठी लॉस एंजेलिसला गेली. शहर बदललं, पण दोन्ही घरची लेखणी शोंडा राइम्सबाईंचीच. इकडे डॉ. स्लोनच्या दारात, आपल्याला माहीतच नसलेली वयात आलेली मुलगी उभी. तिकडे काही काळाने डॉ. कूपरच्या दारात तसाच एक मुलगा. इकडे मेरेडिथला मूल होईना, तिने दत्तक घेतलं. तिकडे अ‍ॅडिसनला होईना, तिनेही घेतलं. मग 2018 मध्ये 'स्टेशन 19' आलं, त्याच सिअ‍ॅटलमधलं अग्निशमन केंद्र. आगीतून माणूस बाहेर काढायचा एका मालिकेत आणि तो जगला की नाही हे कळायचं दुसरीत. आपल्या सासू-सुनांच्या महासंगमांना उगाच हसलो म्हणायचं.

कथानकं सारखी होतात त्याला कारण आहे. या मालिकांत पेशंट बरा व्हायला येतच नाही, डॉक्टरला शिकवायला येतो. डॉक्टरचा संसार मोडकळीला आला की त्या दिवशी हमखास भांडणारं जोडपं दाखल होणार. रोग हवे तेवढे आहेत. पण डॉक्टरच्या आयुष्यात होऊन होऊन काय होणार? लग्न, घटस्फोट, मूल, व्यसन, गाठ.

गाठीवरून आठवलं. डेरेकची बहीण अ‍ॅमेलिया आधी 'प्रायव्हेट प्रॅक्टिस'मध्ये होती, ती बंद झाल्यावर मूळ मालिकेत आली. स्वतः मेंदूची सर्जन. तिच्याच मेंदूत गाठ निघाली आणि तीही म्हणे बरीच वर्षं वाढत होती! तिचे जुने निर्णय तिचे की गाठीचे, हा प्रश्न तिला तेव्हा पडला. आमच्या हिला तो दोन सीझन आधीच पडला होता. 'हिच्या डोक्यात काहीतरी आहे,' असं ती भाजी निवडता निवडता म्हणाली होती. ही बँकेत आहे.

मला मात्र या मालिकांतला बॉम्बही पटतो, विमानही पटतं. पटत नाही ते एवढंच, की इतक्या वर्षांत रक्तबंबाळ माणूस आत आणल्यावर त्याच्या नातेवाइकांना 'आधी डिपॉझिट भरून या' असं कोणी म्हटल्याचं मी पाहिलेलं नाही.