सगळेच कर्ण, सगळेच सुभाष

'मृत्युंजय' १९६७ साली आली आणि तेव्हापासून आपल्या कचेऱ्यांमधली कर्णांची संख्या हाताबाहेर गेली. बढती हुकली, कर्ण. वडिलोपार्जित जागेत वाटा मिळाला नाही, कर्ण. सोसायटीचं खजिनदारपद गेलं तरी माणूस गॅलरीत असा उभा राहतो की इंद्र नुकताच कवचकुंडलं घेऊन जिन्यावरून उतरला असावा. शिवाजी सावंतांनी त्या कादंबरीत सहा जणांना स्वतःची कहाणी सांगायला लावली आहे. कुंती बोलते, दुर्योधन बोलतो, वृषाली, शोण, अगदी कृष्णसुद्धा. पण 'माझं ना, अगदी शोणासारखं आहे' असं म्हणणारा एकही वाचक मला भेटलेला नाही. मोठ्या भावावर जीव टाकणारा धाकटा व्हायला कोण तयार आहे? सहा 'मी' समोर मांडलेले, आणि आपण उचलतो एकच.

खांडेकरांच्या 'ययाती'ची गत तर आणखी मजेची. पुस्तकाचं नाव ययाती, दोष ययातीचे, हाव ययातीची. वाचून उठणारा प्रत्येक जण मात्र कच.

या विषयावर तोंड उघडायचं कारण माझा भाचा. जबलपुरात तिलवाऱ्याच्या रस्त्यावर एका मित्राच्या गच्चीत त्याचं टोळकं शनिवारी रात्री जमतं आणि 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळतं. हा खेळ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी काढला. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं. कोणी जादूगार, कोणी योद्धा, कोणी लांब कानांचा एल्फ. एक जण गोष्ट पुढे नेतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने बोलतात, आणि डाव जमला की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. गच्चीवर तो फासा स्टीलच्या वाटीत ठेवलेला होता. शेजारच्या वाटीत खोव्याची जिलबी. पाकाचे हात फाशाला लागून फासा चिकटायचा, त्यावरून दोनदा भांडण झालं.

मला मात्र खेळाहून आवडला तो प्रत्येकाच्या हातातला कागद. त्यावर आपल्या पात्राचे सहा गुण लिहायचे असतात: ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि लोकांवर छाप पाडण्याची शक्ती. मूळच्या नियमात तीन साधे फासे टाकायचे आणि पडेल तो आकडा मुकाट्याने लिहायचा. म्हणजे कमीत कमी ३, जास्तीत जास्त १८. पुढे सवलत आली. चार फासे टाका, सगळ्यांत लहान आकडा सोडून द्या. आपल्या दहावीच्या 'बेस्ट ऑफ फाइव्ह'ची आठवण झाली. सवलतीवर सवलत घेऊनही एका पोराच्या योद्ध्याला शहाणपण ५ आलं. खोल भुयारात एक बंद दार होतं. सगळे ओरडत होते, उघडू नको. याने उघडलं. 'काय करू? पाचच आहे,' तो म्हणाला. त्या एका वाक्यासाठी मी त्या पोराला मनातल्या मनात नमस्कार केला. आपल्या शहाणपणाचा आकडा असा चारचौघांत मोठ्याने सांगणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो.

कादंबरी वाचताना ही सोय नसते. तिथे कागद आपणच भरतो, आणि सगळीकडे १८ लिहितो.

आता तिलवारा घाटाकडे वळू, कारण नर्मदेच्या या घाटाजवळच एक भलामोठा खेळ होऊन गेला आहे. मार्च १९३९, त्रिपुरी काँग्रेस. नर्मदेकाठी विष्णुदत्तनगर उभारलेलं. काँग्रेसचं बावन्नावं अधिवेशन म्हणून मिरवणुकीला बावन्न हत्ती. कुठल्याही फँटसी लेखकाला हेवा वाटावा असा देखावा. आणि ज्याच्यासाठी हे सगळं, तो अध्यक्ष, सुभाषचंद्र बोस, तापाने फणफणलेला. मिरवणुकीत त्याच्याऐवजी त्याची तसबीर. सुभाषबाबूंना मंडपात आणलं ते स्ट्रेचरवरून. त्यांचं भाषण थोरले बंधू शरदबाबूंनी वाचलं. इतका आजारी माणूस सोंग करतोय, अशीही कुजबुज होती. पुढे सुभाषबाबूंनी स्वतःच त्या विचित्र आजारावर लेख लिहिला. शहरातलं कमानिया गेट याच अधिवेशनाच्या आठवणीचं.

जबलपुरात कोणालाही विचारा, त्रिपुरीला तुम्ही असता तर कोण असता? उत्तर एकच: सुभाष. पानवाला सुभाष, प्राध्यापक सुभाष, आमच्या मराठी मंडळींतले तर झाडून सगळे सुभाष. फार झालं तर स्ट्रेचर उचलणारा, तोही अट घालून की फोटोत चेहरा आला पाहिजे.

मग सुभाषबाबूंना बांधून टाकणाऱ्या ठरावासाठी वर झालेले हात कोणाचे होते?

जानेवारीत अध्यक्षपदाच्या निवडणुकीत याच सुभाषबाबूंना १५८० मतं मिळाली होती. दोनशेवर मतांनी गांधीजींच्या पसंतीचे पट्टाभि सीतारामय्या पडले आणि गांधीजींनी तो स्वतःचा पराभव मानला. दीड महिन्यात त्रिपुरीला गोविंद वल्लभ पंतांचा ठराव आला: अध्यक्षाने कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी. गांधीजी स्वतः तेव्हा राजकोटला. ठराव मंजूर झाला. म्हणजे मंडपात सुभाष एकच होता, तो आडवा होता, आणि बाकीचे हात वर करत होते. ते कुठल्या तरी गावचे भले लोक. खादी घातलेले, तुरुंगात जाऊन आलेले, आपल्याहून दहापट चांगले. त्यांच्यापैकी कोणीही आपल्या कल्पनेत येत नाही.

अणेही येत नाहीत. यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे. हा वाद अखिल भारतीय समितीकडे सोपवावा, असा मधला मार्ग त्यांनी सुचवला आणि मंडपात असा गोंधळ उडाला की काही ऐकूच येईना. दोन्ही बाजूंच्या शिव्या खाणारा मध्यस्थ. प्रत्येक लग्नघरात एक असतो. कादंबरीचा नायक म्हणून मात्र त्याला कोणी घेत नाही.

आणि काँग्रेसमधले समाजवादी? जानेवारीत सुभाषबाबूंच्या मागे, त्रिपुरीला तटस्थ. भाच्याच्या खेळात यासाठी नऊ घरांचा तक्ताच आहे. तुमचं पात्र नियम पाळणारं की मोडणारं, भलं की बुरं, आणि दोन्हीकडे मधलं एक घर तटस्थाचं. 'ते कोणी घेत नाही मामा, बोअर होतं,' भाचा म्हणाला. बाळा, तू अजून मतदान केलेलं नाहीस.

नर्मदेकाठी आणखी एक पात्र रिकामं पडलंय. परिक्रमेला जाऊन आलेल्या आपल्या मराठी माणसांना शूलपाणीच्या झाडीत अश्वत्थामा भेटतो म्हणतात. कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागतो. भेटल्याचं सांगणारे पुष्कळ. त्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहिलेला एकही नाही. रागाच्या भरात झोपलेली पोरं मारणारा आपल्यात कुठून असणार? आपण तेल देणारे.

मनात राजपुत्र होऊ नये असं मी म्हणत नाही. दिवसभर फायली ढकलणाऱ्याने रात्री दोन तास ड्रॅगन मारला तर महसूल खात्याचं काही बिघडत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. ड्रॅगन मारून झाल्यावर आपण जेव्हा खऱ्या मंडपात येतो, तेव्हाही स्वतःला आडवा पडलेला अध्यक्षच समजत हात वर करतो.

म्हणून मी भाच्याच्या टोळक्याला एक डाव सुचवला आहे. जागा तिलवारा घाट, तारीख १० ते १२ मार्च १९३९. सुभाषबाबू कोणालाही मिळणार नाहीत, गांधीजी नाहीत, नेहरू नाहीत. प्रत्येकाने एका जिल्ह्याचा साधा प्रतिनिधी घ्यायचा. घरी भाऊबंदकी, खिशात परतीच्या भाड्यापुरते पैसे, प्रांताचा पुढारी शेजारीच बसलेला. आणि ठरावावर हात वर करायचा की नाही, ते त्या माणसाच्या बाजूने बोलून दाखवायचं. भाच्याने तोंड वाकडं केलं, पण शहाणपण ५ वाला लगेच तयार झाला.

दोन जागा शिल्लक आहेत. जबलपुरातल्या वाचकांनी शनिवारी जेवून यावं. जुन्या नियमाने तीनच फासे मिळतील. चौथा मागू नये.