तळ गाठताना

मिनेसोटात बोट घेऊ नकोस असं कुणी कुणाला सांगत नाही. दहा एकरांहून मोठी तळीच इथे ११,८४२ आहेत. गाड्यांच्या नंबरप्लेटवर मात्र 'दहा हजार तळी' एवढंच लिहिलेलं असतं, म्हणजे अठराशेच्या वर तळी निव्वळ विनयापोटी गाळलेली. अशा राज्यात वर्षानुवर्षं राहून ज्याच्याकडे बोट नाही, तो पुण्यात दुचाकी नसलेल्या माणसाइतका संशयास्पद ठरतो. म्हणून मी एक जुनी, १६ फुटी, अ‍ॅल्युमिनियमची मासेमारीची बोट घेतली. मला पोहता येत नाही आणि घरात मासे फक्त बायको खाते, तेही समुद्राचे. हे दोन्ही मुद्दे व्यवहार होईपर्यंत माझ्या ध्यानात आले नाहीत.

विकणारा म्हणाला होता, "फ्लोअर जरा मऊ आहे." घरी आणून मी आत पाय ठेवला तो पोटरीपर्यंत खाली गेला. मऊपणाची इतकी प्रामाणिक जाहिरात मी पूर्वी पाहिली नव्हती.

अ‍ॅल्युमिनियम कुजत नाही, पण या बोटींत पाय ठेवायला जो तक्ता असतो तो प्लायचा. त्यावर गालिचा चिकटवलेला, गालिच्यात पावसाचं पाणी मुरलेलं, आणि पावसाचं गोडं पाणी म्हणजे बुरशीला मेजवानी. खाऱ्या पाण्यात तिचं एवढं फावत नाही. लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशी काही करू शकत नाही. आमच्या बोटीतली ओल हाताने पिळून काढता येत होती. खालचा फोमही पाणी पिऊन तट्ट फुगला होता. बोट बुडू नये म्हणून भरलेला फोम बोटीतली सर्वांत जड वस्तू झाला होता.

नवीन तक्ता लावायचा तर प्लाय कुठला? हा प्रश्न मी व्हिडिओ कॉलवर पुण्याला बाबांपुढे ठेवला.

"त्यात विचार काय करायचाय?" बाबा म्हणाले. "सातशे दहा घे. आपल्या ओट्याखाली तेच आहे. मिस्त्री म्हणाला होता, उकळत्या पाण्यात टाका साहेब, सुटणार नाही."

मिस्त्री खोटं बोलला नव्हता. भारतीय मानक ७१० म्हणजे मरीन प्लाय, आणि त्याचा नमुना खरोखरच ७२ तास पाण्यात उकळून पाहतात. महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय ओट्यांखाली इतका मरीन प्लाय आहे, की महापूर आला तर स्वयंपाकघरं रांगेने तरंगत मुंबईला जातील. बिचाऱ्याला जन्मात दर्या दिसत नाही, दिसतो तो सिंकखालचा गळका पाइप. पण माझ्याकडे खरीखुरी बोट होती, तेव्हा पुणेकराने कधी न केलेली गोष्ट, म्हणजे मरीन प्लाय बोटीत लावणं, माझ्या हातून घडणार होती.

वखारीत किंमत ऐकली आणि तो योग टळला. साध्या प्लायच्या तिपटीहून जास्त! शेजारीच हिरवट झाक असलेला प्लाय रचून ठेवला होता. प्रेशर ट्रीटेड, कुजत नाही, वाळवी लागत नाही, आणि स्वस्त. मी तो गाडीच्या टपावर बांधून विजयी मुद्रेने घरी आणला.

शेजारचे निवृत्त गृहस्थ कुंपणाशी आले. इथली माणसं तुमचं चुकतंय असं तोंडावर कधीही म्हणत नाहीत. पुण्याहून आलेल्या माणसाला याचा फार त्रास होतो. त्यांनी प्लायकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "माझ्या भावाने त्याच्या बोटीत हाच लावला होता. आता वहिनीने तिच्यात पेट्युनिया लावलाय. पाण्याचा निचरा फार छान होतो."

हे कळायला मला रात्र गेली. पूर्वी या लाकडाच्या औषधात तांब्याबरोबर क्रोमियम आणि आर्सेनिकही असायचं. २००३च्या अखेरीस घरगुती वापरासाठी ते थांबलं आणि नव्या औषधांत तांब्याचं प्रमाण वाढलं. ओलं तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम शेजारी आले की त्यांची बॅटरी होते, आणि त्या बॅटरीत खर्ची पडतं ते अ‍ॅल्युमिनियम. पत्र्याला टाचणीएवढी भोकं पडत जातात. मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे. गॅल्व्हॅनिक सेलवर मला परीक्षेत पैकीच्या पैकी गुण होते. परीक्षेत बोट नव्हती.

मग मी अभ्यासाला बसलो. अमेरिकेत प्लायच्या वरच्या पापुद्र्याला ए ते डी अशी श्रेणी असते. डी श्रेणीत अडीच इंचांपर्यंत गाठीचं भोक चालतं, ही उदारता आमच्या विद्यापीठानेही कुणाला दाखवली नव्हती. घराच्या छपराला सर्रास वापरतात तो 'सीडीएक्स'. त्यातल्या एक्समुळे मी काही काळ भारावलो होतो. पण त्याचा अर्थ इतकाच, की बांधकाम रखडून चार पावसाळी दिवस गेले तर सरस तग धरील. आतल्या थरांत पोकळ्या असतात आणि पाणी तिथे बिऱ्हाड करतं. मरीनमध्ये त्या पोकळ्या नसतात. मात्र इथल्या मरीनला कुजू नये म्हणून औषध मारलेलं नसतं! पाण्याने थर सुटणार नाहीत, पण लाकूड ओलं राहिलं तर आरामात कुजेल. बाबांचा ७१० निदान औषध पाजलेला तरी असतो. हे मी बाबांना कळू दिलेलं नाही.

या सगळ्याचा मी रंगीत तक्ता केला: वजन, किंमत, सरस, श्रेणी. तो करताना उन्हाळा गेला आणि तळी गोठली. "एवढ्या वेळात," बायको म्हणाली, "झाड लावून त्याचा प्लाय निघाला असता."

शेवटी मी मरीनच घेतला, आणि घ्यायचा तर भक्कम म्हणून पाऊण इंची. मूळचा अर्ध्या इंचाचा होता. परिणामी सामानाच्या कप्प्यांची झाकणं पाव इंच वर अडली, आणि बोटीवर भाराची मर्यादा सांगणारी जी पट्टी असते तिच्या हिशेबात एक किरकोळ बांध्याचा पाहुणा कमी झाला. कोणता, यावर घरात एकमत व्हायला वेळ लागला नाही. झाकणं तासून बसवली.

एपॉक्सीचं असं, की ते भांड्यात जितकं जास्त कालवाल तितकं लवकर तापतं. मला हे भांडं धुमसू लागल्यावर समजलं. पुढे थोडं थोडं कालवून मी प्रत्येक कड आणि प्रत्येक स्क्रूचं भोक आतून लिंपलं, कारण पाणी शिरतं ते तिथून. स्क्रू स्टेनलेसचे. गालिच्याला रजा दिली. इतकं नेटकं काम माझ्या हातून पूर्वी झालं नव्हतं, आणि येईल त्याला मी ते गॅरेजमध्ये नेऊन दाखवत होतो. चहा त्यानंतर.

मे महिन्याच्या मध्यावर वॉलाय माशाचा हंगाम सुरू होतो तेव्हा सगळं राज्य पाण्यावर असतं. आम्हीही बोट उतरवली. शेजारचे गृहस्थ धक्क्यावरच होते. मी त्यांना फळ्यांची जाडी, श्रेणी, लेपाचे थर हे सगळं सांगत असताना बोटीचा मागचा भाग नम्रपणे खाली चालला होता. फळ्या मी इतक्या बेमालूम बसवल्या होत्या, की खालचं पाणी वर दिसेना.

"जमलं तर," ते म्हणाले, "एकदा मागचं बूच बघता?"

एका तळ्यातले झेब्रा शिंपले दुसऱ्या तळ्यात जाऊ नयेत म्हणून बोट रस्त्यावरून नेताना हे बूच काढून ठेवायचा इथे कायदा आहे. मी कायदा अक्षरशः पाळला होता. बूच माझ्या खिशात होतं. ते रबराचं असतं आणि त्याला श्रेणी नसते.

बोट पुन्हा ट्रेलरवर ओढली, पाणी काढलं. तक्ता मात्र ठणठणीत राहिला. माझं मत आता पक्कं आहे: बोट छपराखाली राहणार असेल आणि अधूनमधून वाळत असेल, तर कमी पोकळ्यांचा, पक्क्या सरसाचा, बाहेरच्या वापराचा अर्धा इंची प्लाय कडा नीट लिंपून लावला तरी भागतं. मरीनचे पैसे हौसेचे. तो हिरवा प्लाय अजून आमच्या गॅरेजमध्ये पडून आहे. कुणाला हवा असेल तर घेऊन जा, फुकट देतो. फक्त तुमची बोट लाकडाची हवी.