न शिकलेल्या विद्येच्या कर्जावर हरकत घेण्याची शास्त्रोक्त पद्धत

ऋण काढून सण करू नये, हा उपदेश ऐकतच आपण सर्व लहानाचे मोठे झालो. परंतु ऋण काढून विद्या घ्यावी की नाही याविषयी वाडवडिलांनी स्पष्ट आज्ञा ठेवलेली नाही, आणि विद्या न घेताही ऋण कसे शिल्लक राहते याची तर त्यांना कल्पनाच नव्हती. त्यामुळे आजच्या सुशिक्षित बेकाराला या बाबतीत स्वतःच्याच बुद्धीवर विसंबून राहावे लागते. अभियांत्रिकीची पदवी घेऊन साताऱ्यास वा अकोल्यास घरी बसलेला तरुण ‘डेटा सायन्स’च्या सहा महिन्यांच्या वर्गात नाव घालतो, वर्ग आधी लांबणीवर पडतो, मग शिक्षक बदलतो, आणि अखेरीस वर्गच रद्द होतो किंवा कंटाळून तरुणच माघार घेतो. सर्व काही असे बंद पडलेले असताना दरमहा खात्यातून जाणारा हप्ता तेवढा अव्याहत चालू राहतो. अशा होतकरू ऋणकोंच्या उपयोगार्थ पुढील कलमे सादर केली आहेत.

कलम पहिले : पात्रता

वाद घालण्यासाठी प्रथम कर्ज असावे लागते, आणि आपल्यावर कर्ज आहे हे ते घेताना ठाऊक नसावे, हे उत्तम. ही अवस्था प्राप्त होण्यास फारसे सायास पडत नाहीत. संस्थेच्या समुपदेशिकेचा फोन येतो आणि अत्यंत आर्जवी स्वरात ती म्हणते, “दादा, हे लोन नाहीये हो, फी हप्त्याने भरायची नुसती सोय आहे, ओटीपी आलाय ना, तो सांगा पटकन, ऑफर आज रात्री बारापर्यंतच आहे.” तो सहा आकडी मंत्र उच्चारताच इसम ऋणको होतो. वस्तुतः रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कर्जाचा वार्षिक खर्च, आकार व अटी सांगणारे मुख्य तथ्यांचे विवरणपत्र ऋणकोस समजेल अशा भाषेत देऊन ते त्यास समजावून सांगावयाचे आणि तशी पोच घ्यावयाची असते. पोच घेतली जाते, यात शंका नाही. ती त्या ओटीपीतच अंतर्भूत असते.

व्याज शून्य आहे, या आश्वासनावरही पात्र ऋणकोने निःशंक श्रद्धा ठेवावी. शून्य टक्के व्याज ही चीजच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने 17 सप्टेंबर 2013 च्या परिपत्रकात बँकांना बजावले होते. पण परिपत्रके वाचणारा मनुष्य असल्या वर्गांना नाव घालतच नाही. समजा, फी 1,20,000 रुपये आहे. ऋणको बारा हप्त्यांत तेवढी रक्कम भरतो. वित्तसंस्था मात्र व्याजाचा हिस्सा आधीच कापून घेऊन शिक्षणसंस्थेकडे 1,08,000 रुपये पाठवते. मधल्या बारा हजारांस ‘सवलत’ म्हणतात. परतावा मागण्याची वेळ आली की हे बारा हजार नेमके कोणाच्या खिशात आहेत, याचा शोध दोन्ही दफ्तरांत लागत नाही.

कलम दुसरे : पक्षकारांची ओळख

या मामल्यात प्रतिपक्ष एक की दोन, हा अद्वैत आणि द्वैत मतांइतकाच गहन प्रश्न आहे. कर्ज देताना शिक्षणसंस्था व वित्तसंस्था यांच्यात भेद उरत नाही. अर्ज एकाच पडद्यावर, कागदपत्रे एकाच ठिकाणी आणि रक्कमही ऋणकोच्या हातास न लागता परस्पर संस्थेच्या खात्यात. तक्रार दाखल होताच मात्र द्वैत प्रकट होते. शिक्षणसंस्था म्हणते, “हप्त्यांचा विषय फायनान्सवाल्यांचा”, वित्तसंस्था म्हणते, “वर्ग झाला की नाही, याच्याशी आमचा संबंध नाही.” बैठकीत एका गादीवर बसून याद्या करणारे व्याही लग्न मोडल्यावर जसे एकमेकांना ओळखत नाहीत, तसा हा प्रकार.

प्रस्तुत शास्त्राचा मूळ सिद्धांत यावरूनच निघतो: या दोघांस एका कागदावर आणणे, हीच हरकतीची सर्व कला होय. त्यासाठी ऋणकोने वित्तसंस्थेच्या संकेतस्थळाच्या तळाशी, जेथे कोणी सहसा उतरत नाही तेथे उतरावे. कर्ज मिळवून देणाऱ्या सहयोगी संस्थांची यादी तेथे प्रसिद्ध करणे डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार बंधनकारक आहे, आणि अशा सहयोग्याच्या कृत्यांची जबाबदारी वित्तसंस्थेस टाळता येत नाही, असेही तेच नियम सांगतात. शिक्षणसंस्थेचे नाव त्या यादीत आढळल्यास त्या पानाची छबी तारखेसह जतन करावी. समुपदेशिकेचे “हे लोन नाहीये” हे वाक्य त्या क्षणी वित्तसंस्थेच्या मुखात जाऊन बसते.

कलम तिसरे : पश्चात्तापाची मुदत

कर्ज घेऊन लगेच पश्चात्ताप झाल्यास दंडाविना बाहेर पडण्याची मुदत डिजिटल कर्जात ठेवलेली असते; ती किमान एक दिवसाची असते. तेवढ्या अवधीत मुद्दल व त्या दिवसांपुरता आकार परत केला की ऋणको मोकळा. आता मुद्दल कालच शिक्षणसंस्थेकडे गेलेले असून ते परत आणण्यासाठीच ऋणको धडपडत असतो, ही अडचण किरकोळ होय. ज्याच्यापाशी तेवढी रक्कम रोख असती, त्याने कर्ज कशाला काढले असते, हा प्रश्न या कलमाच्या कक्षेबाहेरचा आहे.

कलम चौथे : शौर्य आणि त्याचे परिणाम

नवशिक्या ऋणकोचा पहिला आवेश असा की, खात्यात पैसेच ठेवावयाचे नाहीत, म्हणजे हप्ता आपोआप थांबेल. हे शौर्य प्रशंसनीय असले तरी शिल्लक अपुरी असल्याने इलेक्ट्रॉनिक हप्ता न वटल्यास 2007 च्या पेमेंट व सेटलमेंट कायद्याच्या कलम 25 अन्वये दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंडाची तरतूद आहे, हे वीरांनी ध्यानात घ्यावे. शिवाय थकबाकीवर दंड चढतो; मात्र त्या दंडावर पुन्हा व्याज आकारता येत नाही, एवढी दया रिझर्व्ह बँकेने 2023 मध्ये दाखवली आहे. म्हणून ज्याची ऐपत आहे त्याने ‘सर्व हक्क राखून व हरकत नोंदवून’ असे दरवेळी ईमेलने कळवून हप्ता भरावा. ज्याची ऐपत नाही त्याने वकिलाचा सल्ला घेतल्याखेरीज बहादुरी करू नये.

कलम पाचवे : तगादा

थकबाकी झाली की वसुली प्रतिनिधीचा फोन येतो. त्याचा पहिला प्रश्न “सर, पेमेंट आजच होईल ना?” असा, आणि दुसरा “तुमच्या वडिलांशी बोलू का?” असा असतो. सकाळी 8 पूर्वी व सायंकाळी 7 नंतर थकबाकीसाठी फोन करू नये, आणि ऋणकोच्या नातलगांना वा मित्रांना छळू नये, अशी सक्त ताकीद रिझर्व्ह बँकेने 12 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात दिली आहे. तेव्हा ऋणकोने फोनवर क्षमायाचना, आक्रोश किंवा शिक्षणपद्धतीवरील व्याख्यान यांपैकी काहीही करू नये. प्रतिनिधीचे नाव, वेळ व मजकूर वहीत टिपून घ्यावा आणि “जे काय असेल ते ईमेलवर लिहून पाठवा” एवढे एकच वाक्य नम्रपणे म्हणावे. या वाक्याने जितके फोन बंद होतात, तितके शिव्याशापांनी होत नाहीत.

कलम सहावे : अर्जाचा मजकूर

मराठी मनुष्यास अर्ज लिहिताना बालपणापासूनचा इतिहास सांगण्याची अनिवार ओढ असते. ती येथे आवरावी. अर्ज एकच, परंतु दोघांच्याही तक्रार निवारण अधिकाऱ्यांस उद्देशून असावा. प्रवेशाची तारीख, वर्ग रद्द झाल्याची वा माघार घेतल्याची लेखी सूचना, प्रत्यक्ष झालेले तास, भरलेली रक्कम आणि मागणी, एवढेच त्यात यावे. मागण्या तीन कराव्या: शिक्षणसंस्थेने रक्कम थेट वित्तसंस्थेस परत करून कर्ज बंद करावे, वादाचा निकाल लागेपर्यंत वसुली स्थगित ठेवावी, आणि करारनाम्याची, विवरणपत्राची व खातेउताऱ्याची प्रत द्यावी. तिसरी मागणी सर्वांत निरुपद्रवी दिसते आणि सर्वांत जास्त अस्वस्थता उत्पन्न करते. “आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे” असे यंत्रलिखित उत्तर मिनिटभरात आल्यास हर्ष मानू नये. परंतु त्यावरील तक्रार क्रमांक मात्र जपावा, कारण पुढील मुदती तेथूनच मोजल्या जातात.

कलम सातवे : पतपत्रक व लोकपाल

कर्ज वादग्रस्त असले तरी पतमापन कंपन्यांच्या दफ्तरात ते थकीतच दिसते, आणि 300 ते 900 या पट्टीवर ऋणकोची अब्रू खाली सरकू लागते. अशा कंपन्या चार असून प्रत्येकीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. चुकीच्या नोंदीवर तेथेच हरकत दाखल करावी. 30 दिवसांत तक्रारीची तड न लागल्यास पुढील प्रत्येक दिवसास 100 रुपये भरपाईची तरतूद 2024 पासून लागू आहे. वित्तसंस्थेने 30 दिवसांत उत्तर दिले नाही, किंवा दिलेल्या उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. ही एकात्मिक व्यवस्था 12 नोव्हेंबर 2021 रोजी सुरू झाली. लोकपालाची नजर वित्तसंस्थेपुरती असते, शिक्षणसंस्थेस तो काही विचारीत नाही. आणि तोच वाद आधी न्यायालयात वा ग्राहक आयोगापुढे नेलेला असल्यास तो तक्रार दाखल करून घेत नाही. सबब क्रम चुकवू नये.

कलम आठवे : ग्राहक आयोग

दोघांस खरोखर एका कागदावर आणण्याचे स्थान हेच. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार ऋणकोच्या राहत्या जिल्ह्यात दाखल करता येते, मग प्रतिपक्षाची काचेची इमारत बेंगळुरूस असो वा गुरुग्रामास. मोबदला 5 लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. मुदत दोन वर्षांची असते. पदरी पडलेली त्रुटीपूर्ण सेवा परत केल्यावर पैसे न देणे ही त्या कायद्याने अनुचित प्रथा ठरवली आहे. व्हॉट्सॲपवरील संभाषण पुरावा म्हणून द्यावयाचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालील प्रमाणपत्र सोबत जोडावे. कायद्याने निकालासाठी तीन महिन्यांचा अवधी अपेक्षिला आहे. अपेक्षा बाळगण्यास कोणाचीही हरकत नाही.

कलम नववे : तडजोड

येथवर टिकलेल्या ऋणकोस एके दिवशी अतिशय मधुर आवाजात प्रस्ताव येतो: “सर, निम्मे भरा आणि विषय संपवा.” सर्वांत सावध राहण्याची घटिका हीच. थकीत कर्ज निम्म्यात मिटवल्यास पतपत्रकावर ‘सेटल्ड’ असा शेरा बसतो, आणि पुढे गृहकर्जाच्या वेळी बँकेचा अधिकारी त्या शेऱ्यावर बोट ठेवतो. तेव्हा तडजोड करावयाचीच असेल तर शेरा ‘क्लोज्ड’ असा पडेल, शिक्षणसंस्था आपला वाटा परत करील आणि पूर्वीची थकीत नोंद दुरुस्त होईल, हे सर्व आधी लेखी घ्यावे. पैसे त्यानंतर द्यावेत. पैसे दिल्यावर बाकी नसल्याचा दाखला मागावा, दोन महिन्यांनी पतपत्रक पुन्हा तपासावे, आणि दोन्ही कागद जुळल्याखेरीज कोणालाही पेढे वाटू नयेत.