चोखंदळांचे सोवळे

मराठीतला चोखंदळ वाचक आवडीपेक्षा नावडीवरून लवकर ओळखू येतो. ‘मृत्युंजय’चे नाव निघाले की तो सौम्य हसतो, शाळकरी वयात कर्णापायी उशी भिजवली होती, हे सांगत नाही. ‘ययाति’कार खांडेकरांना १९७४ चे, मराठीतले पहिले ज्ञानपीठ मिळाले, हा त्याच्या लेखी ज्ञानपीठाचा दोष.

‘कोसला’ला मात्र बोट लावायचे नाही! १९६३ साली पंचविशीतल्या नेमाड्यांनी ती छापून आणली आणि २०१४ चे ज्ञानपीठ त्यांच्याकडे आले. तेव्हापासून हा पुरस्कारही शुद्ध झाला.

२०१० साली आलेली नेमाड्यांचीच जाडजूड ‘हिंदू’ कपाटात दर्शनी भागी आहे. खूण पहिल्या पन्नास पानांतच अडकलेली, पुढची पाने कोरी करकरीत. “सावकाश वाचायचं पुस्तक आहे ते.”

खरी मौज खालच्या कप्प्यात, मागच्या रांगेत. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार तिथे दडलेला. पाने पिवळी, कोपरे दुमडलेले, शिवण सुटलेली. “सामाजिक दस्तऐवज म्हणून ठेवलेत,” असा खुलासा मिळतो. असला दस्तऐवज रद्दीवाल्याकडे दिसला, तर हा घासाघीसही करत नाही. सवलत मागतो ती नेमाड्यांवर.